अर्ध्या किलोचा पसारा

भाजीवाल्याचा तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात अर्धा किलो कांदे, दुसऱ्यात नऊ जर्बिल. पारडी जवळपास बरोबरीला येतील! जर्बिल म्हणजे मंगोलियाकडचा, शेपटीला झुपका असलेला, साधारण 60 ग्रॅमचा उंदीर. 1935 साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या 20 जोड्या जपानला गेल्या. त्यांच्या वंशातल्या 11 जोड्या 1954 साली अमेरिकेत उतरल्या आणि त्यांतल्या फक्त 5 माद्या आणि 4 नरांपासून तिथला वंश वाढला. पाश्चात्त्य घरांत आज पाळले जाणारे बहुतेक जर्बिल याच अर्ध्या किलोचे वारस.

मूळ जर्बिलाच्या पाठीवरचा एक केस फुंकर मारून बघा. बुडाशी करडा, मध्ये सोनेरी, टोकाला काळा. एका केसात तीन रंग! आता पाळणाऱ्यांकडे काळे आहेत, लिलॅक आहेत, नटमेग, सायमीज, बर्मीज आहेत. एवढे आले कुठून?

चला, मोजू. रंगाची नेहमीची सात जनुकंच घ्या. चार जनुकांची दोन-दोन रूपं, दोघांची तीन-तीन. पिल्लाला प्रत्येकाच्या दोन प्रती मिळतात, म्हणून दोन रूपांच्या जोड्या तीन, तीन रूपांच्या सहा. सातवं ठिपक्यांचं, त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू जन्मतच नाही, म्हणून तिथे पर्याय दोनच. गुणाकार करा: 5,832 कृती! रोज एक नवा नमुना बघायचा ठरवला तर पहिलीतलं पोर पदवीधर होईल, तेव्हा कुठे यादी संपेल.

हवा तो नमुना मिळवणं तर त्याहून अवघड. आईबाप दिसायला साधे, पण पाच दबके रंगगुण पोटात लपवून बसलेले. पाचही गुण स्वतंत्रपणे वाटले जातात असं धरलं, तर पाचही उघडे पडलेलं पिल्लू 1,024 मध्ये एक. एका विणीला पाच पिल्लं धरली तर दोनशेवर विणी. महिन्याला एक वीत म्हटलं तरी सतरा वर्षं! आणि जर्बिल जगतो तीन-चार वर्षं. बिचारी आई.

जर्बिलाचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे 250 कोटी अक्षरांचा. दोन मिलिमीटरला एक अक्षर लिहीत गेलात तर ओळ 5,000 किलोमीटर होईल, म्हणजे मुंबई-पुण्याच्या तेहतीस खेपा. सस्तन प्राण्यांत केस काळा की पिवळसर हे ठरवणाऱ्या एका जनुकाचा कामाचा मजकूर त्यात किती? साडेनऊशे अक्षरांच्या आसपास. म्हणजे दोन मीटरही नाही, घराच्या दाराएवढा!

आता घट्ट धरून बसा. गुणसूत्रांच्या 22 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकेक उचलायचं, तर एकट्या आईकडून 41,94,304 तऱ्हा. एकेका लोकलमध्ये पाच हजार कोंबले तरी आठशेहून जास्त गाड्या लागतील. बापाकडून तेवढ्याच. गुणाकार: 17.59 लाख कोटी! गुणसूत्रांमधली आपापसातली देवघेव तर मी धरलीच नाही. भारतातल्या प्रत्येक माणसाला सुमारे बारा हजार जर्बिल वाटून टाका. नाकाला शेपटी लावून नाही, नुसती अंगं ओळीत मांडली, 12 सेंटिमीटरला एक, तर रांग सूर्यापर्यंत जाऊन परत येईल, आणि अशा सात फेऱ्या होतील! पाण्याच्या हिशेबात मोजलं तर 37 टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरतील, सांडव्यावरून जर्बिल वाहतील! आणि हे सगळं एकाच जोडप्याला शक्य असलेल्या पिल्लांचं.

शेवटी एक गंमत. कुठे गुलाबी डोळ्यांचा, अंगभर पांढराशुभ्र जर्बिल दिसला तर त्याला साधा समजू नका. पांढरेपणाची दोन जनुकं जुळली की बाकीचे रंग झाकले जातात. 5,832 पैकी 324 कृती बाहेरून हुबेहूब त्याच्यासारख्याच दिसतात.