प्रकाशाची अंकलिपी

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने लिहिलेला लेख होय. चित्रकार हाती कुंचला घेऊन मनातील आकृती फलकावर उतरवितो. छायाचित्रकार मात्र स्वतः काहीच रेखाटत नाही. तो योग्य जागी उभा राहतो, योग्य क्षणाची वाट पाहतो आणि लेखनाचे काम प्रकाशाकडूनच करून घेतो. १८३९ साली फ्रान्समध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर झाली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे प्रकाशाचे हे लेखन मुख्यतः चांदीच्या क्षारांवर होत असे. आता त्याची लिपी पालटली आहे. आज प्रकाश अंकांत लिहितो. ही लिपी ज्याला वाचता येते, त्यालाच तिच्यासाठी निर्माण झालेली साधने नीट वापरता येतात.

चित्राचे अंकांत रूपांतर करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९५७ साली अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणारे रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र एका यंत्राकडून संगणकासाठी वाचून घेतले. त्या यंत्राने चित्राचे आडवे १७६ व उभे १७६ असे एकूण ३०,९७६ बारीक चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोन उजळ आहे की काळोखा, याची अंकांत नोंद केली. या बारीक चौकोनालाच ‘पिक्सेल’ असे म्हणतात. पुढे १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो मोजता येईल अशा सूक्ष्म उपकरणाची कल्पना मांडली. तिच्यासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशाच उपकरणाचा उपयोग करून कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली फिल्मवाचून चालणारा हाती धरण्याजोगा कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमांहून अधिक होते. त्याच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात अवघे १०,००० पिक्सेल असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज साध्या मोबाइलनेही ४,००० पिक्सेल रुंद व ३,००० पिक्सेल उंच, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख पिक्सेलांचे चित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच टिपले जाते.

या अंकांचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. नेहमीच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलाला तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक अंक दिलेला असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळोख आणि २५५ म्हणजे पराकाष्ठेचा उजेड. मधल्या सर्व छटा या दोन टोकांच्या दरम्यान बसतात. चित्र सुधारण्याची संगणकाची आज्ञावली म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. ती या अंकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करते, इतकेच.

एक उदाहरण घेऊ. भर दुपारी ओसरीत बसलेल्या आजीबाईंचे छायाचित्र एका मुलाने काढले. ओसरीत सावली असल्यामुळे त्यांचा चेहरा काळसर आला. गालावरील एका पिक्सेलाचा अंक ४० आणि शेजारच्या सुरकुतीचा ३० आहे. आज्ञावलीने दोहोंची दुप्पट केली म्हणजे ते ८० व ६० होतात. चेहरा उजळतो आणि सुरकुतीही स्पष्ट दिसू लागते, कारण दोहोंतील फरक मुळात टिपला गेला होता. आता त्याच चित्रातील आकाश पाहा. तेथे ऊन इतके प्रखर होते की ढगाचा अंक २५५ आणि ढगामागील आकाशाचाही २५५ आला. त्यांना दोहोंनी भागले, तरी दोन्ही ठिकाणी सारखाच अंक येणार. आकाश करडे होईल, परंतु ढग काही केल्या दिसणार नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? जे टिपले गेले ते साधनाने उजळता येते. जे टिपलेच गेले नाही, ते गणिताने परत आणता येत नाही. डिजिटल छायाचित्रणाचा हा पहिला धडा होय.

म्हणूनच अनुभवी छायाचित्रकार कॅमेऱ्यातील ‘रॉ’ नावाची कच्ची नोंद जपून ठेवतात. १९९२ साली मान्य झालेल्या ‘जेपेग’ या रीतीने चित्र साठविले, तर ते थोडक्या जागेत मावते. पण त्यासाठी डोळ्यांना सहसा न जाणवणारा काही तपशील कायमचा टाकून द्यावा लागतो. कच्च्या नोंदीत तसे करावे लागत नाही. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चांगल्या कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत त्या १६,३८४ असू शकतात. पायऱ्या जितक्या अधिक, तितकी पुढे दुरुस्तीला वाव अधिक.

दुरुस्तीची ही कला संगणकाबरोबर जन्मली असे मात्र नाही. फिल्मच्या काळी छायाचित्रकार अंधारखोलीत तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात काम करीत. कागदावर चित्र उमटविताना एखाद्या भागावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवीत, तर दुसऱ्या भागावर अधिक वेळ प्रकाश पाडून तो गडद करीत. विख्यात अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले होते. ते निगेटिव्हला संगीतरचनेच्या स्वरलिपीची आणि छापील चित्राला तिच्या प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. कॅमेरा, निगेटिव्ह व प्रिंट या तीन विषयांवर त्यांनी लिहिलेले तीन ग्रंथ आजही अभ्यासकांना मार्गदर्शक ठरतात.

अंधारखोलीतील हीच कामे संगणकावर आली. थॉमस व जॉन नोल या भावांच्या घरी तळघरात वडिलांची अंधारखोली होती. या भावांनी तयार केलेली ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली अ‍ॅडोबी कंपनीने १९९० साली प्रसिद्ध केली. तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात. परंतु ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांच्यासाठीही ज्ञानाची ही दारे बंद राहिली नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ च्या सुमारास ‘गिंप’ नावाची आज्ञावली रचून ती सर्वांस खुली केली. कच्च्या नोंदींवर संस्कार करण्यासाठी ‘डार्कटेबल’ व ‘रॉथेरपी’ आणि चित्रे लावून ठेवण्यासाठी ‘डिजीकॅम’ ही अशीच मुक्त साधने आहेत. त्यांना मूल्य पडत नाही. शिवाय त्यांची अंतर्गत रचना कोणीही अभ्यासावी, सुधारावी व इतरांस द्यावी, अशी मुभा असते. डार्कटेबलची एक रीत तर विशेष अनुकरणीय आहे. ती मूळ चित्राला हातच लावीत नाही. कोणते संस्कार करावयाचे याची यादी तेवढी निराळी लिहून ठेवते. त्यामुळे केलेला बदल केव्हाही मागे घेता येतो. साधन कोणतेही असो, मूळ चित्र जपावे आणि प्रतीवर काम करावे, हा नियम नवशिक्याने कधीही मोडू नये.

साधने हाती आली, तरी शिकविणारा गुरू कोठे शोधावा? गंमत अशी की, डिजिटल छायाचित्र आपला गुरू बरोबर घेऊनच येते. फिल्मच्या काळी जिज्ञासू विद्यार्थी प्रत्येक चित्राची माहिती वहीत टिपून ठेवीत. आता कॅमेरा ती चित्राच्या पोटातच लिहितो. या नोंदीला ‘एक्झिफ’ म्हणतात. झडप किती काळ उघडी होती, भिंगाचे छिद्र केवढे होते, हे सारे तीत असते. धावणाऱ्या वासराचे चित्र पुसट आले, तर नोंद उघडून पाहावी. झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिल्याचे तेथे आढळेल. पुढच्या वेळी पाचशेवा भाग ठेवून पाहावे, म्हणजे कारण आणि कार्य यांचा संबंध आपोआप मनावर ठसतो. दुसरा शिक्षक म्हणजे ‘हिस्टोग्राम’ नावाचा आलेख. त्याच्या डाव्या बाजूस काळोखे पिक्सेल व उजव्या बाजूस उजळ पिक्सेल मोजलेले असतात. उजव्या टोकाला भिंतीसारखा उंच स्तंभ दिसला, तर ओसरीच्या चित्रातील ढगांप्रमाणे काही तपशील हरपला, असे समजावे. म्हणून फसलेली चित्रे उतावळेपणाने पुसून टाकू नयेत. ती शिकणाऱ्याची खरी पाठ्यपुस्तके होत.

मात्र अंक बदलणे सोपे झाले, तसा एक मोठा प्रश्नही उभा राहिला. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या प्रतिष्ठित मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांचे चित्र आले. मूळ चित्र आडवे होते. ते उभ्या पानात बसावे म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. हजारो वर्षे अचल राहिलेली ती प्रचंड वास्तू कागदावर अशी हलली. तेव्हा छायाचित्रावर विश्वास ठेवावा की नाही, अशी चर्चा सुरू झाली. पुढे २०१५ साली ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेत परीक्षकांपुढील चित्रे कॅमेऱ्यातील मूळ नोंदींशी ताडून पाहण्यात आली. तेव्हा अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीतील सुमारे २० टक्के चित्रे फेरफारामुळे बाद करावी लागली. आज तर केवळ शब्दांत वर्णन लिहिले असता, कधीही न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र संगणक तयार करून देतो.

अशा वेळी दुरुस्ती कोणती आणि फसवणूक कोणती, हे ओळखणे अगत्याचे ठरते. आरशावरील धूळ पुसणे निराळे आणि आरशावर दुसराच चेहरा रंगविणे निराळे. ओसरीतील आजीबाईंचा चेहरा उजळणे म्हणजे तेथे जे होते, तेच दाखविणे. त्यांच्या सुरकुत्या पुसून टाकणे किंवा मागे दुसऱ्याच आकाशातील ढग आणून चिकटविणे म्हणजे तेथे जे नव्हते, ते दाखविणे. कल्पनाचित्र म्हणून असे करण्यास हरकत नाही. मात्र ते कल्पनाचित्र आहे, असे स्पष्ट सांगितले पाहिजे. बातमी, इतिहास व विज्ञान यांच्या चित्रांत तर त्याला मुळीच स्थान नाही. उद्या कोणी शंका घेतली, तर जपून ठेवलेली मूळ नोंदच छायाचित्रकाराची साक्ष देते.

अंकलिपी गिरविणारे बालक प्रथम अक्षरे ओळखते, मग शब्द वाचते आणि पुढे स्वतः लिहू लागते. लिहिता येऊ लागले म्हणजे खरे लिहावे की खोटे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. प्रकाशाच्या अंकलिपीलाही हाच न्याय लागू आहे. साधने हात कुशल करतात. त्या हातांनी काढलेल्या चित्रावर लोकांनी विश्वास ठेवावा, एवढी योग्यता मात्र ज्याची त्याने मिळवावयाची असते.