मतदार सहा वर्षांचे, उमेदवार बत्तीस पानांचे!

भोंगा नाही, रॅली नाही, मतदाराचे पुढचे दोन दात पडलेले. तरी चुरस अशी की विचारू नका! आवडतं पुस्तक मुलांनीच मत देऊन निवडायचं, अशा निवडणुका जगात जोरात चालतात, माहीत आहे का?

अमेरिकेत ही आयडिया सिअ‍ॅटलच्या एका पुस्तकविक्रेत्याची. साल 1940! स्वतंत्र भारताचं पहिलं मतदान सुरू व्हायच्या 11 वर्षं आधी तिकडची पोरं मतं देऊन मोकळी.

फ्रान्समध्ये 1988 पासून चालणाऱ्या पुरस्काराचं नावच मुळी 'इन्करप्टिबल'. म्हणजे विकले न जाणारे! मुलं आधी शब्द देतात: यादीतली सगळी पुस्तकं वाचीन, माझं मत मीच बनवीन. (हीच अट मोठ्यांना लावली तर? जाऊ द्या.)

जपानमध्ये तर थेट 'सार्वत्रिक निवडणूक'. पहिला निकाल 2018 चा, मतं सव्वा लाखाच्या आसपास. जिंकलं कोण? परी नाही, राजपुत्र नाही. प्राण्यांच्या फजित्यांचा कोश!

आणि चित्रांचं पुस्तक बहुधा 32 पानांचंच का? मोठा कागद छापून दुमडत गेलं की 8, 16, 32 अशीच पानं पडतात. सगळी करामत घडीची!

आता चला वेल्ह्यातल्या राजगडावर. शिवरायांची राजधानी तिथे होती, तेव्हा 1658 मध्ये तिकडे न्यूरेम्बर्गला कोमेनियस नावाच्या शिक्षकाचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक छापून आलं. मुलांच्या चित्रपुस्तकांचा हा खापरपणजोबा!

सगळ्यात भारी गंमत पुढे आहे. आपल्या देशाच्या त्या पहिल्या, 1951-52 च्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चित्र: बैलजोडी, झोपडी, दिवा. चित्र बघा, कागद टाका, झालं मतदान. पहिलीतल्या पोराला याहून सोपं काय हवं? पुस्तकांच्या निवडणुकीत तर मुखपृष्ठ हेच निवडणूक चिन्ह!

सराव आपल्या पोरांना आहेच. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत कितीतरी झेडपी शाळांत मोबाईलवरचं मतदान यंत्र 'पींऽऽ' वाजतं, बोटाला शाई लागते आणि ते बोट घरी जाईपर्यंत वरच असतं.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातलं चांदर आठवतंय? एक गुरुजी, एक विद्यार्थी म्हणून 2018 मध्ये देशभर गाजलेली शाळा. तिथे मतदान घेतलं असतं तर टक्केवारी थेट शंभर आणि निकाल एकमतानं!

पुस्तकांची अशी निवडणूक आपल्याकडे घेतली, तर उमेदवारांची रांग लागेल. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' एकटंच मैदान मारेल, असा आमचा एक्झिट पोल. (चुकला तर आनंदच.)

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, भाषणं जरा आवरती घ्या. बुटांची चार रिकामी खोकी, त्यांवर चार मुखपृष्ठं आणि मूठभर चिंचोके, एवढ्यावर भागेल. मोजणी मात्र पोरांनाच करू द्या!