सूत्रकृमींची जिवाणूंविरुद्ध संरक्षण-व्यवस्था

टोमॅटो, वांगी किंवा डाळिंब यांच्या मुळांवर गाठी दिसू लागल्या म्हणजे सूत्रकृमींचा उपद्रव झाला, हे बहुतेक बागायतदार आता जाणतात. त्याच्या बंदोबस्तासाठी इतर उपायांबरोबर उपयुक्त जिवाणूंची भुकटी जमिनीत घालण्याची शिफारस करण्यात येते. तथापि, सूत्रकृमी हा जिवाणूंपुढे अगदीच निराधार असलेला प्राणी नव्हे. त्याच्या शरीरात जन्मतःच एक संरक्षण-व्यवस्था असते व ती जनुकांच्या आज्ञेने चालते. या व्यवस्थेचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगशाळेतील कृमी

सूत्रकृमींच्या सर्वच जाती पिकांच्या शत्रू नाहीत. कित्येक जाती कुजणारी फळे व पालापाचोळा यांत राहून जिवाणूंवर आपली उपजीविका करतात. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स ही त्यांपैकीच एक जात होय. हा कृमी सुमारे १ मिलीमीटर लांब व पारदर्शक असून त्याचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे असते. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे त्याच्या आनुवंशिकतेचा पद्धतशीर अभ्यास केला व १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे १९९८ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले. त्यात प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत.

या कृमीला रक्त नाही, रक्तातील पांढऱ्या पेशीही नाहीत. लाळ-खुरकुताची लस टोचल्यावर जनावराच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये निर्माण होतात, तीही त्याच्यापाशी नाहीत. जिवाणू हेच त्याचे अन्न असल्यामुळे अन्नाबरोबर शत्रूही पोटात शिरतो. म्हणून त्याचा मुख्य बचाव आतड्याच्या पेशींतच होतो. अशा बचावास उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात.

आज्ञेची साखळी

स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जिवाणूवर ठेवलेले कृमी काही दिवसांतच मरतात. अमेरिकेतील बोस्टन येथे फ्रेडरिक ऑसुबेल व त्यांचे सहकारी यांनी या गोष्टीचा उपयोग करून घेतला. रासायनिक द्रव्याने कृमींच्या जनुकांत फेरफार घडवून, त्यांच्या संततीतून या जिवाणूस नेहमीपेक्षा लवकर बळी पडणारे कृमी त्यांनी निवडून काढले. त्यांच्यात कोणते जनुक बिघडले आहे हे शोधले असता, प्रतिकारासाठी कोणते जनुक आवश्यक आहे याचा उलगडा झाला. हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यावरून असे दिसून आले की, एनएसवाय-१, एसईके-१ व पीएमके-१ ही तीन प्रथिने एका साखळीत काम करतात. पाटाचे पाणी चारीत व चारीतून वाफ्यात जावे, त्याप्रमाणे आज्ञा एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक प्रथिन पुढच्या प्रथिनास फॉस्फेटचा अंश जोडून त्याला जागे करते. खतामुळे आपल्या परिचयाचे झालेले स्फुरद येथे असे खुणेचे काम करते.

साखळीच्या शेवटी एटीएफ-७ नावाचे प्रथिन आहे. एरवी ते संरक्षक जनुकांवर कुलपासारखे बसून त्यांना बंद ठेवते. पीएमके-१ ने त्यावर स्फुरदाची खूण करताच तेच प्रथिन ती जनुके चालू करते. मग आतड्यात जिवाणूंशी मुकाबला करणारी प्रथिने तयार होऊ लागतात.

आवर कशासाठी?

ही व्यवस्था सदैव चालू का नसते, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर २०१० मधील एका प्रयोगाने दिले. संरक्षक प्रथिने एकाएकी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली म्हणजे पेशीवर ताण पडतो. हा ताण सोसण्यास एक्सबीपी-१ या जनुकाचे साहाय्य लागते. ते जनुक निकामी असलेल्या कृमींची पिले जिवाणूंच्या संसर्गात मरू लागली. परंतु त्यांच्यातील पीएमके-१ देखील निकामी केले असता ती पिले तगली. म्हणजे त्या पिलांचा घात जिवाणूंपेक्षा स्वतःच्या प्रतिकारानेच होत होता. यास्तव कुलूप जितके आवश्यक, तितकीच किल्लीही आवश्यक आहे.

तात्पुरता बचाव आणि आनुवंशिक बचाव

बीटी या नावाने सर्वांस ठाऊक असलेल्या जिवाणूचे काही प्रकार सूत्रकृमींना मारणारे प्रथिन तयार करतात. हे प्रथिन आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते. त्याविरुद्धही वरील साखळीच कृमीचा बचाव करते, असे २००४ मध्ये आढळले. हा बचाव प्रसंगापुरता असतो व तो अपुराही पडतो.

दुसरा प्रकार अधिक चिंतेचा आहे. हे विषारी प्रथिन पेशीवरील विशिष्ट शर्करायुक्त स्निग्ध पदार्थास चिकटते. तो पदार्थ बनविणारे जनुक ज्या कृमीत बिघडलेले असते, त्याला विष चिकटतच नाही. असा कृमी जगतो व हा गुण पुढील पिढीकडे जातो. सतत एकच विष वापरल्यास असेच कृमी शिल्लक राहून वाढतात. बीटी कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने विषाला दाद न देण्याचा जो अनुभव आपल्याकडे आला, त्याच्या मुळाशी निवडीचे हेच तत्त्व आहे. मात्र तेथील जनुके निराळी आहेत.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. जिवाणूंची भुकटी हा एकमेव इलाज न मानता अनेक उपायांपैकी एक मानावा.

२. रोपे सूत्रकृमीमुक्त वाफ्यातीलच घ्यावीत. लावणीपूर्वी काही रोपे उपटून मुळे तपासावीत.

३. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, निंबोळी पेंड घालावी व झेंडूचा फेरपालट करावा.

४. भुकटीतील जिवाणू सजीव असतात. ती सावलीत साठवावी, मुदतीच्या आत वापरावी व जंतुनाशक औषधात मिसळू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष मुळे दाखवून समजावून द्याव्यात. शत्रू लहान असला तरी त्याची तटबंदी जुनी व पक्की आहे. एकाच बाजूने हल्ला करून ती पडणार नाही.