महापौर नसलेली कौंटी

आपल्याकडे व्हिलेज कौन्सिलची निवडणूक आली की घरोघर चर्चा सुरू होते. नाला कोणी साफ करायचा, रस्त्यावर दिवे कधी लागणार, हे आपण उमेदवाराला अंगणात बसवून विचारतो. अमेरिकेत अशी पुष्कळ कामे कौंटी पाहते. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. त्या देशात तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत. त्यांतील एका कौंटीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण तीही आपल्यासारखीच बेटावरची आहे.

हवाईतील मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकाला कलावाओ कौंटी आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. क्षेत्रफळ अवघे बारा चौरस मैल. अमेरिकेतील ही सर्वांत लहान कौंटी. २०२० च्या जनगणनेत येथे ८२ माणसे होती.

ही जागा अशी वेगळी का ठेवली? १८६५ साली, हवाईत राजाचे राज्य असताना, कुष्ठरोग्यांना समाजापासून दूर ठेवण्याचा कायदा झाला. जानेवारी १८६६ मध्ये पहिले बारा रोगी येथे उतरवले गेले. पुढे सुमारे आठ हजार माणसे येथे धाडली गेली. आईबाप एका बेटावर, मुलगा दुसऱ्या बेटावर, अशी कुटुंबे तुटली. येथे जन्मलेली बाळेही आयांपासून दूर नेली जात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांनाही हळूहळू जागा सोडावी लागली.

१८७३ साली बेल्जियमचे फादर डेमियन सेवेसाठी आले. रोग्यांची घरे बांधली, त्यांच्या जखमा धुतल्या, आणि १८८९ साली त्याच रोगाने ते वारले. १८८८ साली आलेल्या मदर मरियान यांनी तीस वर्षे सेवा केली. या दोघांनाही पुढे संतपद मिळाले.

१९०५ साली हवाईत कौंट्या झाल्या, तेव्हा या वसाहतीची वेगळी कौंटी करण्यात आली. पण तिला ना महापौर, ना सभा. कारभार आरोग्य खात्याकडे. अधिकारी म्हणून एक शेरीफ, तोही खात्यानेच नेमलेला. म्हणजे नावाला कौंटी, व्यवहारात इस्पितळ!

१९४६ पासून येथे सल्फोन औषधे मिळू लागली आणि रोग आटोक्यात आला. तरी सक्तीचा एकांतवास संपायला १९६९ साल उजाडले. दार उघडले, तरी अनेकांनी तेथेच राहणे पसंत केले. बाहेर त्यांचे कोण उरले होते? त्यांना हयातभर राहण्याचा हक्क मिळाला. १९८० साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली.

हे वाचताना आम्हांला आपले इल प्लात आठवते. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील मजुरांना पटकीच्या भीतीने तेथे व शेजारच्या गॅब्रिएल बेटावर उतरवले होते. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांनाही कोणी काही विचारले नव्हते.

रोगाला आवर घालणे सरकारचे कर्तव्यच आहे. पण ज्यांच्यावर कारभार चालतो, त्यांचे ऐकून घेणारी एखादी जागा असावी लागते. पुढच्या वेळी व्हिलेज कौन्सिलच्या मतदानाला जाण्याचा कंटाळा आला, तर वाचकांनी कलावाओची आठवण करावी, एवढेच आमचे सांगणे.