ठासणीची रायफल : लेखांक 6 – हरणासाठी लांबट गोळी निवडताना

गेल्या आठवड्यात आपण कापडी चकतीत गुंडाळून ठासायच्या गोल गोळीपर्यंत आलो होतो. अर्ध्या इंची, म्हणजे .50 कॅलिबरच्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी सुमारे 177 ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची भरते. तिचं वजन वाढवायचं तर नळीच बदलावी लागते, कारण गोल गोळीचा व्यास ठरला की वजनही ठरलं. शिवाय ती झपाट्याने सुटते, पण वेग तितक्याच लवकर गमावते. सेकंदाला 1,800 फुटांनी निघालेली गोळी 100 यार्डांवर, म्हणजे सुमारे 91 मीटरवर, हजार-अकराशेवर आलेली असते. त्याच नळीतून जड गोळी मारायची तर ती लांब करायची, एवढाच मार्ग उरतो. हीच कोनिकल गोळी, बुडाशी सरळ आणि टोकाशी निमुळती. 370 ग्रेनची अशी गोळी 1,300 फुटांच्या आसपास निघते, पण 100 यार्डांवर तिच्यात गोल गोळीच्या जवळपास दुप्पट जोर शिल्लक असतो.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी हरणाचा वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात 1974 पासून फक्त चकमकीच्या बंदुकांचा हंगाम आहे, तो नाताळानंतर सुरू होतो. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात प्लॅस्टिकच्या खोळीत, म्हणजे साबोत, बसवलेली बारीक गोळी चालत नाही. तिथे नळीभर जाडीची गोळीच घ्यावी लागते. म्हणून हा विषय नुसता हौसेचा नाही. हंगाम जवळ आला की नवे शिकारी दुकानात जाऊन ‘सर्वांत जड कोणती?’ असं विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आपल्या नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतून कोरलेल्या फिरत्या खाचांना, पीळ किती, हा.

पिळाचा हिशोब वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी 1879 साली सोपा करून दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला 150 ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. जे उत्तर येईल तितक्या इंचांत आट्यांचा एक फेरा पुरा व्हायला हवा. अर्ध्या इंचाच्या गोल गोळीची लांबीही अर्धाच इंच, म्हणून उत्तर येतं 75 इंच. आता 0.8 इंच लांबीची कोनिकल घ्या. उत्तर 47 च्या जवळ येतं. गोल गोळीसाठी बनवलेल्या नळीत 66 किंवा 72 इंचांत एक फेरा असतो. तिच्यात जड कोनिकल घातली तर ती पुरेशी गिरकी घेत नाही, हवेत डोलते आणि कागदी निशाणावर गोलाऐवजी लांबट भोक पाडते. असं भोक दिसलं की ती गोळी त्या नळीसाठी बाद समजावी. थॉम्पसन/सेंटर कंपनीने 1970 मध्ये हॉकेन नावाची रायफल काढली, तिला 48 इंचांचा पीळ दिला. तो दोन्हींच्या मधला होता. गोल गोळीही बरी चालावी आणि कंपनीची मॅक्सी-बॉल ही 370 ग्रेनची कोनिकलही चालावी, असा त्यामागचा विचार. आजही जुन्या घाटणीची रायफल विकत घेताना नळीवरचा हा आकडा आधी वाचावा.

दुसरी अडचण ठासण्याची. गोळी आट्यांत घट्ट रुतली तरच गिरकी घेणार, पण घट्ट गोळी तोंडाकडून खाली ढकलायची कशी? फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिनिए यांनी 1849 च्या सुमारास यावर तोडगा दिला. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ, आणि त्या पोकळीत लोखंडी कटोरी. गोळी सहज सरकत खाली जाते. दारूचा भडका झाला की कटोरी आत घुसते, बुडाची कड फाकते आणि आट्यांना धरते. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन यांनी पोकळीचा आकार असा बसवला की कटोरीची गरजच उरली नाही, आणि 1855 मध्ये अमेरिकी लष्कराने ही गोळी स्वीकारली.

मराठी वाचकाला या गोळीचा नातलग चांगला ठाऊक आहे. 1857 चं काडतूस ते हेच. एन्फिल्ड रायफलची गोळीही बुडाशी फाकणाऱ्या जातीची. मात्र तिला बाहेरून वंगणासाठी खाचा नव्हत्या. काडतुसाच्या कागदासकट ती नळीत जायची, म्हणून कागदालाच वंगण लावावं लागे. आधीच्या सपाट नळीच्या बंदुकीत गोळी सैल बसायची, तिथे वंगणाचं कामच नव्हतं. म्हणून चरबीचा प्रश्न नव्या रायफलीबरोबर आला. पुढे 1859 मध्ये या गोळीचा व्यास .568 इंचांवरून .55 वर आणला गेला. जळक्या दारूची काजळी साचलेल्या नळीत आधीची गोळी अडकत होती, हे त्यामागचं कारण. आजचा शिकारीही याच कारणासाठी गोळीच्या खाचांत मेण आणि चरबीचं मिश्रण भरतो. काळ्या दारूची राख त्याने मऊ राहते. मोटारीचं ग्रीस इथे वापरू नये, राखेत मिसळून त्याचं डांबर होतं.

मिनिए जातीची गोळी ठासायला सुखाची, पण हरणाच्या शिकारीला मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तिची बुडाची कड पातळ असते. लष्करी भरण होतं 60 ग्रेन दारूचं. त्या जागी 90-100 ग्रेन भरली तर नळीतून बाहेर पडताना कड वेडीवाकडी फाटते आणि नेम बिघडतो. भरीव बुडाची, बाहेरून कंगोरे असलेली गोळी जास्त भरण सोसते. ती नळीच्या तोंडावर ठेवून आखूड दांड्याने ठोकून आत बसवायची, तेव्हाच कंगोऱ्यांवर आटे कोरले जातात. त्यानंतर गज दोन्ही हातांनी, पण एकसारख्या दाबाने खाली न्यायचा. दारू आणि गोळी यांच्यामध्ये लोकरीच्या नमद्याची वंगण लावलेली चकती घातली तर बुड जळत नाही.

गोळी दारूवर टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवावी. ही खूण मी फार महत्त्वाची मानतो. कापडात गुंडाळलेली गोल गोळी सहसा जागची हलत नाही, पण कोनिकल नुसत्या आपल्या घट्टपणावर बसलेली असते. तोंड खाली करून दिवसभर बंदूक वाहिली तर ती पुढे सरकू शकते. दारू आणि गोळीत अशी पोकळी राहिलेली असताना बार काढला तर नळी फुगते, क्वचित फाटते. दर तासा-दोन तासांनी नळीचं तोंड अंगापासून दूर धरून गज हळूच आत सोडावा आणि खूण जुळते का पाहावं.

शिसं मऊच हवं. शुद्ध शिशावर नखाने चरा उठतो. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या वजनांचं शिसं मिश्रधातूचं, ते कडक. ते नळीत नीट फाकत नाही आणि हरणाच्या अंगात पसरतही नाही. टोक सपाट किंवा बोथट असावं. अणकुचीदार टोकाची गोळी या वेगाला बारीक भोक पाडून आरपार जाते, आणि जखमी हरीण लांब पळून झाडीत मरतं. हे टाळणं शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला 300 ते 370 ग्रेनची गोळी भरपूर झाली. 450 च्या पुढच्या गोळ्या एल्कसाठी. हरणावर त्यांचा उपयोग खांद्याला धक्का देण्यापलीकडे फारसा नाही. अंतराचंही तेच. 100 यार्डांवर नेम जुळवलेली 370 ग्रेनची गोळी 150 वर जवळपास फूटभर खाली लागते. हरणाच्या छातीचा मर्मभाग जेमतेम 20 सेंटीमीटरचा, म्हणून 100 च्या पुढे बार टाकूच नये.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांच्या नळ्या आतून सपाट असतात. त्यांना पीळच नाही, म्हणून यातलं काही लागू होत नाही. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मात्र आता गोळीचे नियम बदलले आहेत. शिकारीत सुटलेल्या गोळ्यांचे कण मेलेल्या जनावरांतून काँडोर गिधाडांच्या पोटात जातात, म्हणून 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. हा नियम मला योग्य वाटतो, पण त्याने निवड अवघड होते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तितक्याच वजनाची गोळी आणखी लांब होते आणि तिला आणखी घट्ट पीळ लागतो. नव्या इनलाइन, म्हणजे ठिणगी थेट नळीच्या मागून देणाऱ्या, रायफलींत बहुधा 28 इंचांत एक फेरा असतो, त्यांना ती पेलते. शिवाय तांबं शिशासारखं सहज फाकत नाही, म्हणून आटे धरायला बहुधा प्लॅस्टिकची खोळ किंवा बूड लागतं. 48 इंची हॉकेन बाळगणाऱ्या तिथल्या शिकाऱ्याने शिसेविरहित गोल गोळीकडे वळावं आणि 60-70 यार्डांच्या आत राहावं.