घशातले फोड आणि आठवड्याची मोजणी

गेल्या जूनमध्ये माझ्या बहिणीचा धाकटा दूध नको म्हणून हटून बसला. अडीच वर्षांचं पोर. रात्रीपासून अंगात सणसणून ताप, पाणी पाजलं तरी गिळताना रडू, आणि लाळ सारखी गळतेय. दादी म्हणाल्या, "तोंड आलंय, टाकणखार मधात कालवून लावा." शेजारणीने तिच्या मुलाच्या औषधातली उरलेली अँटिबायोटिकची बाटली आणून दिली. बहिणीने दोन्ही बाजूला ठेवलं आणि पोराला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बॅटरी धरून घसा पाहिला. अगदी मागे, पडजिभेच्या आजूबाजूला, टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके फोड आणि प्रत्येकाभोवती लाल कडं. "हर्पॅन्जायना," ते म्हणाले. मग विचारलं, "बालवाडीत किंवा मकतबात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" बहिणीला काही सांगता आलं नाही.

मला तेव्हा तो प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला वाटला होता. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की या आजारात तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

आजार जुनाच आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ जॉन झाहोर्स्की यांनी १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं. कारण मात्र पुढे सापडलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी नावाच्या गावी पोलिओसारखी लक्षणं असलेल्या मुलांच्या शौचातून एक नवा विषाणू मिळाला आणि गावाचंच नाव त्याला चिकटलं. हा पोलिओच्या विषाणूचा भाऊबंद. आतड्यात वाढणाऱ्या या कुळाला एंटेरोव्हायरस म्हणतात. घशात फोड आले तर हर्पॅन्जायना, तोंडाबरोबर तळहात-तळपायांवरही आले तर हात-पाय-तोंडाचा आजार. केरळात २०२२ मध्ये 'टोमॅटो फ्लू' म्हणून ज्याची धास्ती बसली होती, तोही याच जातीचा निघाला. विषाणूचे प्रकार अनेक आहेत, म्हणून एकदा झालेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा होऊ शकतो. "गेल्या वर्षीच तर झालं होतं" असं म्हणून निर्धास्त होऊ नये.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे शेजारणीची बाटली इथे निरुपयोगीच होती. टाकणखार तर लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं. मधही एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. दादींचा जीव नातवासाठी तुटतो हे खरं, पण या दोन गोष्टींत त्यांचं ऐकू नका.

शंभरातली बहुतेक मुलं आठवड्याभरात आपोआप बरी होतात. मग एवढ्या साध्या आजाराची मोजदाद कशाला ठेवायची? याचं उत्तर तैवानने फार मोठी किंमत देऊन मिळवलं.

तिथे नेमून दिलेले काही डॉक्टर आपल्याकडे आलेल्या अशा रुग्णांचा आकडा सरकारला नियमित कळवत असत. १९९८ मध्ये हा आकडा चढू लागला. त्या साथीत या डॉक्टरांनीच हर्पॅन्जायना आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे १,२९,१०६ रुग्ण कळवले. त्यांतल्या ४०५ मुलांचा आजार गंभीर झाला आणि ७८ दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्या साथीत एंटेरोव्हायरस ७१ हा प्रकार फिरत होता. सुरुवातीला घसा आणि फोड नेहमीसारखेच दिसत, पण काही मुलांत हा विषाणू मेंदूच्या मुळाशी पोचे, फुप्फुसांत पाणी भरे आणि काही तासांत सगळं आटपे. एकट्या डॉक्टरला एका मुलाचा घसा पाहून 'यंदाची साथ वेगळी आहे' हे कळणं अशक्य होतं. ते हजारो घशांचा हिशेब एका ठिकाणी आल्यावरच दिसतं.

जपानमध्ये हीच पद्धत वर्षानुवर्षं शांतपणे चालू आहे. देशभरातले ठरावीक बालरोग दवाखाने, बरीच वर्षं सुमारे ३,०००, आठवड्यात आलेल्या अशा रुग्णांची संख्या कळवतात. कुणाचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त वय आणि आकडा. एका दवाखान्यामागे हर्पॅन्जायनाचे सरासरी सहा रुग्ण झाले की त्या भागात इशारा दिला जातो, आणि सरासरी दोनच्या खाली उतरल्यावर तो मागे घेतात. काही दवाखाने घशातला नमुना प्रयोगशाळेतही पाठवतात, त्यावरून यंदा कोणता प्रकार फिरतोय ते समजतं. सगळ्या मुलांची तपासणी करावी लागत नाही. भाताचं एक शीत चाचपून पाहावं तसं आहे हे.

आपल्या देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे आणि २०२१ पासून त्याची नोंद देशभर ऑनलाइन होते. गावपातळीवर आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते: नुसता ताप, पुरळासह ताप अशी. आता घशातले फोड बाहेरून दिसतात कुठे? असं मूल 'नुसता ताप' यातच जाणार, तेही त्याला सरकारी यंत्रणेपर्यंत कुणी नेलं तर. म्हणून आपल्याकडे साथीची पहिली चाहूल बहुधा बालवाडीच्या बाईंना, मकतबच्या आपांना किंवा जिन्यात भेटणाऱ्या दोन आयांना लागते. अडचण अशी की आपण बोलत नाही. मुलाच्या दुखण्याची चर्चा नको वाटते, किंवा सकाळी तापाचं औषध पाजून मूल धाडून दिलं जातं, कारण अम्मीला कामावर जायचं असतं. मी कुणाला दोष देत नाही. मीही हे केलेलं आहे.

संसर्ग झाल्यापासून तीन ते सहा दिवसांनी लक्षणं दिसतात. विषाणू थुंकीतून, शिंकेतून आणि शौचातून पसरतो. घसा बरा झाल्यावरही शौचातून तो कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे ताप उतरलेल्या मुलाची लंगोटी बदलणारे हात हेच पुढच्या मुलापर्यंत जायचा रस्ता. साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून. सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही. वुजूच्या पाण्याने हात ओले होतात, पण शौच साफ केल्यावर साबण हवाच. मकतबात एकाच पेल्याने सगळी मुलं पाणी पीत असतील तर प्रत्येकाची बाटली वेगळी करा.

घरात कॅलेंडरवर रोज चार गोष्टी लिहा: ताप किती, लघवी किती वेळा, काय प्यायलं, नवं काही दिसलं का. खाणं दोन दिवस कमी झालं तर चालतं, पिणं थांबलं तर नाही. गार दूध, ताक, गार पेज, मिठा-साखरेचं पाणी घोटाघोटाने द्या. लिंबू, संत्रं, तिखट टाळा. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन कदापि नाही. आठ तास लघवी नाही, तीन दिवसांनंतरही चढता ताप, वारंवार उलट्या, मूल सुस्त पडलंय, झोपेत दचकून अंगाला झटके येतायत, चालताना तोल जातोय, श्वास जोरात चाललाय, यांतलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता मुलांच्या दवाखान्यात न्या. तैवानच्या मुलांत धोक्याची सुरुवात अशीच होत असे.

भाच्याने चौथ्या दिवशी दुपारी स्वतःहून गार दहीभात मागितला. ताप नव्हता. त्या संध्याकाळी बहिणीने डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मकतबच्या आपांना फोन लावला. आठवड्याभरात तीन मुलं घरी बसली होती, तिघांनाही ताप, तिघंही जेवत नव्हती. एकाही घरातून कारण कळवलेलं नव्हतं. आपांनी त्याच रात्री सगळ्या घरांना निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकुलता एक पेला माठावरून उचलला.