दिसते आहे तोवरच डोळे दाखवा!

साखरेच्या आजाराने पायाची जखम चिघळते, किडनी निकामी होते, हे आता आपल्या वस्त्यांत बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण हाच आजार गुपचूप डोळेही नेतो, हे फार थोड्यांना माहीत असते. जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळी करणारा कामगार असो, घनसावंगी-मंठ्याकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे असो, की परतूरच्या बाजारात भाजी विकणारी माउली असो, ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचे हात डोळ्यांच्या भरवशावर चालतात. डोळे गेले की मजुरी जाते. शिवाय आजोबांचा हात धरायला घरातले एखादे पोर शाळा सोडून बसते. म्हणून या आजाराची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डोळ्याच्या आत काय बिघडते?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. समोरचे चित्र त्यावर उमटते आणि तिथून मेंदूकडे जाते. या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्या कमकुवत होतात. कुठे त्या पाझरतात, कुठे बंद पडतात. पाझरलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी साचले की सूज येते. मग सुईत दोरा ओवणे, वर्तमानपत्र वाचणे, समोरचा चेहरा ओळखणे कठीण होते. जिथे रक्त पोचत नाही तिथे शरीर नव्या वाहिन्या तयार करते. पण त्या इतक्या कच्च्या असतात की फुटतात, आणि डोळ्यात रक्त उतरते. पुढे पडदाच ओढला जाऊन सुटू शकतो. डॉक्टर या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

वाढलेल्या रक्तदाबानेही पडद्याच्या वाहिन्या खराब होतात. कधी पडद्याची एखादी शीर तुंबते आणि एका डोळ्याने एकाएकी अंधुक दिसू लागते. साखर आणि बीपी दोन्ही असतील तर धोका अधिक.

दुखत नाही, हाच खरा घात

या आजारात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी गळत नाही. सुरुवातीला नजरही स्वच्छ असते. डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी किंवा पडदा तरंगू लागतो तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. आपले लोक मात्र म्हणतात, "चष्म्याचा नंबर वाढला असेल," किंवा "मोतीबिंदू पिकला की काढू." बांधव-भगिनींनो, पडद्याचा आजार चष्म्याने बरा होत नाही. मोतीबिंदू काढला आणि मागचा पडदा खराब असला, तर ऑपरेशन होऊनही पुरेसे दिसत नाही.

यावर नियम सोपा आहे. मोठ्या वयात साखर निघाली, तर त्याच वेळी पडदा तपासून घ्यावा आणि पुढे वर्षातून एकदा तरी तपासावा. आधीपासून साखर असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. तपासणीसाठी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि मोटारसायकल घरी ठेवावी.

बाबासाहेबांच्या काळी जे नव्हते

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्यानंतर माईसाहेबांनी त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची नजर अधू झाली होती, तरी त्यांचे लेखन थांबले नाही. पहिला लेसर जगात तयार झाला तो १९६० साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर चार वर्षांनी. आज लेसर आहे, डोळ्यात द्यायचे इंजेक्शन आहे, ऑपरेशनही आहे. एवढे असताना आपण उशिरा जावे काय?

उपचार कोणते?

पहिला उपचार आपल्याच हातात आहे. इंग्लंडमध्ये वीस वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात ठेवले तर डोळ्यांची हानी कमी होते, हे त्यात स्पष्ट दिसले. गोळ्या रोज घ्याव्यात, बरे वाटले म्हणून सोडू नयेत. गोड चहाचे कप कमी करावेत. ज्वारीची भाकरी बेताने खावी, सोबत उसळ आणि पालेभाजी भरपूर घ्यावी. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी बंद करावी.

आजार वाढला असेल तर डॉक्टर लेसर करतात. लेसरने मुख्यतः उरलेली नजर टिकते, गेलेली सगळी परत येईल असे नाही. पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. डोळा बधिर करून देत असल्याने घाबरू नये. मात्र ती एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला घ्यावी लागतात आणि मध्येच सोडली तर सूज परत येते. रक्त साचून राहिले किंवा पडदा सुटला तर ऑपरेशन करावे लागते.

जायचे कुठे?

तीस वर्षांवरील माणसाची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. डोळ्यांसाठी जालन्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, देऊळगाव राजा रोडवरचे श्री गणपती नेत्रालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आतच डोळे तपासून घ्यावेत आणि गोळ्या पुरेशा बांधून घ्याव्यात. इन्सुलिन असेल तर कोपीवर ते ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही असे ठेवावे. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जातानाही गोळ्यांची पुडी पिशवीत हवीच.

आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर वस्तीतल्या साखरेच्या रुग्णांची यादी करा. प्रत्येकाला एकच विचारा, "डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?" ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांना महिला मंडळाने आणि तरुण पोरांनी एक दिवस ठरवून सोबत घेऊन जावे. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण पुढची कित्येक वर्षे वाचतील.